अर्धा जोर देवाचा

धुडकूला ऐकू येत नाही, हे मगदल्ल्याच्या गोदीत कुणालाच माहीत नव्हतं. घरात माहीत होतं. त्याच्या बायकोला, उषाबाईला. धाकट्या भावाला, दगाला. आणि दगाच्या बायकोला, ताराला. चौघं एका खोलीत राहायची, मग लपणार तरी कसं? पण घरातली गोष्ट घरातच राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं उषाबाई म्हणायची, आणि ती मूठ झाकून धरायचं काम तिच्याच वाट्याला आलं होतं.

कान गेले ते लूमच्या खात्यात, मागांच्या कारखान्यात. शिंदखेड्याकडची जमीन पाण्यावाचून पडली तेव्हा धुडकू सुरतेला आला आणि लिंबायतच्या एका खात्यात माग चालवायला लागला. त्या खडखडाटात माणसं तोंडाला तोंड लावून बोलत. घरी आला तरी त्याच्या कानात माग चालूच असायचा. पुढे पुढे मागाचाही आवाज कमी झाला, तेव्हा त्याला वाटलं, चला, सवय झाली. सवय कसली? प्लेगच्या साली अर्धी सुरत पळाली, त्यात हे चौघंही गावी गेले. परत आले तर खात्यातल्या जागा भरलेल्या. तापीच्या तोंडाशी, मगदल्ल्याला, वहाणं म्हणजे लाकडी गलबतं दुरुस्त करायच्या गोदीत मात्र माणसं हवी होती. मुलगा गोपाल कतारगामला राहून हिरे घासायला बसायचा, त्याला ही चिखलातली कामं नको होती. दोघे भाऊ गेले.

गोदीतलं काम धुडकूला नवं नव्हतं. त्याचं तारुण्य मोटेवर गेलेलं. वजन कसं उचलायचं, कप्पी कुठे टांगायची, दोराला पीळ किती ठेवायचा, हे त्याच्या हातात होतं. पावसाळ्यात वहाणं खाडीच्या काठावर ओढून ठेवत आणि नारळी पुनवेला दर्या उघडायच्या आत त्यांची डागडुजी करत. डोलकाठी कुजली असेल तर ती उपटून दुसरी बसवायची. गुजरातीत डोलकाठीला कुवाथंभ, थोडक्यात कुवा म्हणतात, आणि कुवा म्हणजे विहीरही. दगा हसून म्हणायचा, "गावनी विहीर आटनी म्हनून आठे उनूत, तर आठे बी कुवाच." दोन वर्षांत धुडकू टोळीचा मुकादम झाला.

बहिरा माणूस मुकादम कसा? त्याचं असं होतं. धुडकू मुळातच कमी बोलायचा. कुणी काही म्हटलं की तो मान हलवायचा. समोरच्याला वाटे, मुकादमानं ऐकलं, पटलं. ज्याला मान हलवता येते त्याचं जगात बरंच निभावतं. उरलेलं उषाबाई निभवायची.

ती रोज गोदीत यायची. नावाला तिचं काम होतं कप्पीला चरबी लावायचं आणि दोरावर पाणी मारायचं. खरं काम वेगळंच. दोन उंच वासे वर एकत्र बांधून कैची उभी करत. कैचीच्या टोकाला शेकल लावून कप्पी टांगत. शेकल म्हणजे घोड्याच्या नालासारखी लोखंडी कडी, तोंडाशी आडवी पिन. कुव्याला बांधलेला दोर त्या कप्पीवरून खाली यायचा, पायाशी वळून हाताच्या विंचकडे, दोर गुंडाळणाऱ्या रहाटाकडे, जायचा. जिथे दोर खाली उतरे तिथे उषाबाई उभी राहायची. पदर कानामागे टाकलेला, तळहात दोरावर टेकवलेला. मुकादम समोर, तिच्याकडे तोंड करून.

दोर बोलतो. जोर बेताचा असेल तर तो गप्प असतो. जास्त झाला की कुरकुरतो, अजून जास्त झाला की कण्हतो, आणि मग त्याचे तंतू एकेक करून तट तट तुटायला लागतात. तरीही तो लगेच जात नाही, माणसाला सरकायला वेळ देतो. उषाबाई विहिरीच्या थारोळ्याशी वाढलेली पोर. मोटेच्या नाड्याचं, दोराचं कुरकुरणं तिला आईच्या हाकेसारखं ओळखू यायचं. दोर कण्हला की तिचा हात वर जायचा. हात वर गेला की धुडकू ओरडायचा, "थांबा!" आणि विंच थांबायची. टोळीला वाटे, मुकादमाचा कान काय तिखट!

"मुकादमले बायको समोर लागस," टोळीतला लोटू चिडवायचा. "ती नही दिसनी तं हात चालत नही बिचाराना."

उषाबाई हसून चरबीचा डबा उचलायची. हसल्यावाचून इलाज नव्हता.

धुडकूच्या बापाचा एक नियम होता. नवा नाडा आणला की तो आधी विहिरीवर ठेवून त्याला हळदकुंकू लावायचं आणि म्हणायचं, अर्धा जोर आमचा, अर्धा जोर देवाचा. जो दोर दोन मोटा ओढेल त्याला एकच जोडायची. देवाच्या अर्ध्याला हात लावायचा नाही. बैल बिथरला, मोट दगडाला अडकली, दोर आतून कुजला, तर तो देवाचा अर्धा कामाला येतो. धुडकू गोदीतही हेच करायचा. दोर नवा असो, कुणाचाही असो, आधी हळदकुंकू, मग काम. गोदीच्या शेठच्या माणसांना मजा वाटायची. पण त्याच्या टोळीत कुणाचं बोटसुद्धा चेचलं नव्हतं.

त्या आषाढात मोठं वहाण लागलं होतं. त्याचा कुवा बुडाशी सडलेला. शेठ म्हातारा, घरीच असायचा. कारभार त्याचा पुतण्या भूपेंद्र पाहायचा. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना काका म्हणायचा, चहा पाजायचा. पण पुनव जवळ आली होती आणि वहाणवाला रोज येऊन डोकं खायचा.

पहिल्या दिवशी दोरानं काम सुरू केलं. कुवा बुडाशी खोबणीत बसवलेला, भोवती पाचरी ठोकलेल्या, वरून डांबर ओतलेलं. वर्षानुवर्षांचं मीठ आणि डांबर एक झालेलं. दगा आणि लोटू वहाणावर चढून पहारीनं पाचरी सैल करत होते. विंच फिरली, दोर ताठला, कुरकुरला. आणखी फिरली, कण्हला. उषाबाईचा हात वर.

"थांबा!"

पुन्हा पाचरी, पुन्हा विंच, पुन्हा हात. दुपारपर्यंत असंच चाललं. कुवा काही हलेना. भूपेंद्र छत्री घेऊन उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"काका, असं तर पुनव इथेच होईल," तो हिंदीत म्हणाला. धुडकूनं मान हलवली. "क्रेन बोलवू का? सचिन गावाला मिळते." धुडकूनं पुन्हा मान हलवली.

धुडकू कशाला हो म्हणाला ते उषाबाईनं ऐकलं. क्रेन एकदा आली की टोळीला कोण विचारतो? ती पुढे झाली आणि हातातला डबा खाली ठेवत म्हणाली, "भाई, मुकादम म्हणतात, उद्या निघेल. क्रेन नको." मग धुडकूकडे वळून, ओठ नीट दिसतील असं हळू म्हणाली, "क्रेन नको म्हना."

"क्रेन नको," धुडकू म्हणाला.

भूपेंद्रनं दोघांकडे पाहिलं. त्याला काय वाटलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तो टेम्पोतून लोखंडी तारेचा दोर घेऊन आला. नवा, चकचकीत, तेल लावलेला. "दोरडं आता सोडा काका," तो म्हणाला. "मागच्या साली पलीकडच्या गोदीत दोरडं तुटलं, माणसाचा डोळा गेला. ही तार दहा दोरड्यांइतकी आहे." हे खरंच होतं. त्याला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता, वाचवायचाच होता.

दगा वर चढून कैचीची शेकल पुसू लागला. जुनीच शेकल होती, वर आकडा कोरलेला. तो बोटानं आकडा चाचपत म्हणाला, "दोन टन लिखेल शे, भाई. कुवा कितला?"

"दीड टन," भूपेंद्र म्हणाला. "आणि लिहिलेलं दोन असतं, पण ती तुटते दहाला. कंपनी हातचं राखूनच लिहिते."

दगानं खाली येऊन हे सगळं भावाला खुणेनं, ओठानं समजावलं. धुडकू ऐकत, म्हणजे पाहत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"म्हंजे देवना अर्धा कंपनीनीच काढी ठेवा," तो म्हणाला. त्यानं शेकलीला आणि तारेला हळदकुंकू लावलं. पण त्या दिवशी तो 'अर्धा जोर आमचा' म्हणाला नाही. कंपनीनं एकदा म्हटलेलं आपण पुन्हा कशाला म्हणायचं?

आता खरं सांगायचं तर, चूक कुणा एकाची नव्हती. कुवा दीड टनाचा, हे भूपेंद्र बरोबर सांगत होता. पण वरच्या शेकलीला एकट्या कुव्याचा भार नसतो. एका बाजूनं कुवा ओढतो, दुसऱ्या बाजूनं विंच ओढते. सासू आणि नवरा यांच्यामध्ये सापडलेल्या सुनेसारखी ती दोघांचं सोसते. दीडचे तिथे तीन होतात. आणि मोकळा कुवा दीड टनाचा. डांबरात चिकटलेला कुवा कितीचा, हे कुठल्याच लोखंडावर कोरलेलं नसतं. कंपनीनं हातचं राखलं ते जुनेपणासाठी, हिसक्यासाठी, गंजासाठी. ते आधीच त्यातून खर्च होत आलेलं. आजवर हे कधी नडलं नाही, कारण दोर आधीच कण्हायचा. शेकलीच्या जोरापर्यंत काम कधी पोचायचंच नाही. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी बोलणारी होती. ती काढून टाकली, आणि आता सगळ्यात कच्ची कडी मुकी होती.

हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. उषाबाईच्याही नाही. तिला तर मनातून हलकं वाटत होतं. रोज सकाळी उठून नवऱ्याचे कान व्हायचं, ताप असला तरी जायचं, डोळा लागू द्यायचा नाही, याचा तिला शीण आला होता. तार पक्की असेल तर ऐकायचं काय?

"वहिनी, आते तुमले सुट्टी," दगा म्हणाला. न्याहारीची भाकरी तो उभ्यानंच खात होता. "उद्यापासून घर ऱ्हाय जा. ताराले पापड लाटाले मदत करा."

"आनि तुना भाऊले कोन सांभाळी?"

"मी शे ना."

दगा सहा-सात वर्षांचा असताना उषाबाई लग्न होऊन घरात आली होती. सासू आधीच गेलेली. दगाचं नाक तिनं पुसलं, त्याच्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, त्याच्यासाठी तारासारखी मुलगी तिनंच शोधली. तो वहिनी म्हणायचा, पण हाक मारायचा ती आईला मारावी तशी. तिनं त्याच्या हातावर आणखी अर्धी भाकरी ठेवली आणि वर ठेचा.

"पोट भरनं," तो म्हणाला.

"खाय गुमान. पहार काय तुनी माय उचलनार शे?"

तो खात खात वहाणावर चढला. लोटूही त्याच्या मागून चढला.

ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. ढग खाली आलेले, खाडीचं पाणी मातकट, वारा बंद. अंगाला घामाची चिकचिक. उषाबाई नेहमीच्या जागी उभी राहिली. सवयीनं तिनं पदर कानामागे टाकला. तारेवर हात ठेवायला गेली तर तेलानं हात बरबटला आणि एक बारीक काटा बोटात घुसला. तिनं हात मागे घेतला आणि नुसता कान लावला.

विंच फिरली. तार ताठली. उषाबाईनं ऐकलं. काही नाही. विंचचे दात टक टक वाजत होते, वर दगाची पहार लाकडावर आपटत होती. तारेतून काही नाही. आणखी फिरली. काही नाही. तिनं धुडकूकडे पाहिलं आणि मान हलवली, चालू द्या. धुडकूनं हात फिरवला, चालू द्या.

कैचीचे वासे मातीत थोडे रुतले. कुवा हलला नाही.

"अजून!" भूपेंद्र म्हणाला.

विंचवर चार माणसं होती. त्यांच्या पाठी वाकल्या, पिंढऱ्या ताठल्या. उषाबाई श्वास धरून ऐकत होती. हे तिनं पुढे कितीदा सांगितलं असेल. ती ऐकत होती. तिचं लक्ष इकडेतिकडे नव्हतं. तार गप्प होती. आयुष्यात पहिल्यांदा इतका जोर तिच्यासमोर लागत होता आणि कुणी कण्हत नव्हतं. तिला वाटलं, किती पक्की आहे. तिनं पुन्हा मान हलवली.

मग कुवा खोबणीतून सुटला. फट् असा डांबराचा आवाज आला आणि तो वीतभर वर उसळला. टोळीतून "हाँ!" असा आनंदाचा हुंकार निघाला. दगानं पहार टाकली, वाकून खोबणीत पाहिलं आणि खाली बघून हसला. त्याचे दात दिसले.

"हत्ती निंघना, वहिनी," तो वरून म्हणाला. "शेपूट ऱ्हायनं."

कुवा उसळला तसा परत तारेवर बसला. तेवढाच हिसका. वर एकदाच खण्ण झालं. शेकल उघडली, कप्पी खाली आली, आणि तिच्यामागे कुवा आडवा. लोटूनं उडी मारली. दगा वाकलेला होता.

त्याला कुव्याखालून काढण्यासाठी पुन्हा कप्पी टांगायला वेळ नव्हता. माणसांनी खांदे लावून, पहारी घालून काढलं. तो बोलला नाही. त्याच्या ओठाला ठेचा लागलेला होता. भूपेंद्रनं टेम्पोत घालून सिव्हिलला नेलं, स्वतः त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला, पण वाटेतल्या उधना दरवाजापर्यंतही दगा जिवंत पोचला नाही.

धुडकू मागे गोदीत तसाच उभा होता. त्याला खण्ण ऐकू आलं नव्हतं. त्यानं फक्त भाऊ हसताना पाहिला होता आणि मग पाहिला नव्हता.

*

गावी नेलं नाही. इथेच, तापीकाठी केलं. गोपाल आला, काका काका म्हणून रडला. तारा पहिले काही दिवस रडलीसुद्धा नाही. ती भिंतीला टेकून बसायची आणि कुणी पाणी दिलं तर प्यायची. मग एक दिवस दुपारी, उषाबाई तांदूळ निवडत होती, तेव्हा तारा म्हणाली,

"बाई, आवाज उना व्हता का?"

उषाबाईचा हात सुपात थांबला.

"नही व माय. उनाच नही."

"दोर त बोलस. तुमीच सांगतस, दोर बोलस."

"ती तार व्हती, तारा. तार बोलत नही."

तारानं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमले आयकू उनं नसनार," ती म्हणाली. "तुमी थकी जातस. दिसभर उभं ऱ्हावानं. एखादा डाव लक्ष नसस. मी काय म्हनत नही, बाई. फक्त खरं सांगा."

"आनभाक शे. नव्हता आवाज."

तारा पुन्हा भिंतीला टेकली. दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. स्वयंपाक करताना, नळावर, अंथरूण घालताना. आवाज उना व्हता का? उषाबाई तेच उत्तर द्यायची, आणि प्रत्येक वेळी ते उत्तर तिला स्वतःलाच थोडं कमी खरं वाटायचं. झोपेत तिला तारेचं कण्हणं ऐकू यायला लागलं. तिचा हात जड झालेला असायचा, वर उचलवतच नसे. ती दचकून उठायची. आवाज नव्हता हे तिला ठाऊक होतं, तरी तो यायचा.

धुडकू हे बघायचा. त्याला शब्द ऐकू येत नव्हते, पण ओठ वाचता येत होते, आणि तारा रोज तेच विचारायची. एवढं त्याला पुरलं.

दहावा-तेरावा झाल्यावर म्हाताऱ्या शेठनं टोळीला बोलावलं. गोदीतल्या पत्र्याच्या शेडखाली सगळे उभे राहिले. ताराही आली होती. डोक्यावरून पदर घेऊन मागे बसली. भूपेंद्र शेजारी खाली मान घालून उभा होता, या काही दिवसांत त्याची दाढी वाढली होती. शेठला फक्त समजून घ्यायचं होतं, झालं कसं. तो एकेकाला विचारत गेला. लोटू म्हणाला, शेकल जुनी होती. विंचवाले म्हणाले, कुवा अडकला होता. भूपेंद्र म्हणाला, तार मीच आणली, काका, मीच आणली.

शेठ धुडकूकडे वळला आणि काही बोलला. धुडकूनं मान हलवली नाही. तो पुढे आला आणि टोळीकडे तोंड करून उभा राहिला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. तो खूप मोठ्यानं बोलला.

"माले आयकू येत नही," तो म्हणाला. "खात्यात कान गयात. तुमना पासून लपाडं. हाई मनी बायको समोर उभी ऱ्हास, ती आयकस, आनि हात करस. तवय मी थांबा म्हनस. इतलाच मना कान."

लोटू तोंडाकडे बघत राहिला. त्याला आपली सगळी थट्टा आठवली असणार.

"त्या दिस तिनी हात करा व्हता," धुडकू म्हणाला. "मीच देखा नही. मी कुवाकडे देखी ऱ्हायंतू."

उषाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी ती पुढे धावली. "नही, नही. मी हात नव्हता करा," ती म्हणाली. "शेठ, आवाजच नव्हता. तार बोलनीच नही. ह्या खोटं सांगतस."

शेठनं तिच्याकडे फार मायेनं पाहिलं. "बस बेटा," तो म्हणाला. "समजतं मला." नवऱ्यावर येऊ नये म्हणून बाई अंगावर घेते आहे, असंच त्याला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. खरं बोलायला ती उभी राहिली, आणि खऱ्याला जागाच उरली नव्हती.

मागे तारा पहिल्यांदा रडली. उठून आली, तिनं उषाबाईच्या गळ्यात हात घातले आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. "बाई, मी तुमले रोज रोज इचारं," ती म्हणत होती. "तुमी नवरासाठी गप बसनात. माले माफ करा." उषाबाईचे हात तिच्या पाठीवर फिरत होते. ताराच्या डोक्यावरून तिला धुडकू दिसला. तो विंचपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला होता.

*

पुनवेआधी सचिनहून क्रेन आली आणि कुवा बसला. वहाण दर्यात गेलं. टोळी मोडली. लोटू चलथाणला साखर कारखान्यात लागला, बाकीचे पांगले. शेठनं धुडकूला काढलं नाही. फळ्यांच्या फटीत भरायला काथ्या लागतो, त्यासाठी जुने दोर उसवायचं काम त्याला दिलं. बसल्या जागेचं काम, ज्याला कान लागत नाहीत. येणारे जाणारे त्याच्याकडे बघून हळू बोलत. त्याची काय गरज होती?

तारा इथेच राहिली. उषाबाईबरोबर एकाच ताटात जेवते, तिच्या केसांना तेल लावते, ताप आला तर उशाशी बसते. सख्ख्या बहिणींत नसेल इतकी माया. धुडकूशी मात्र ती बोलत नाही. त्याचं ताट उंबऱ्याजवळ सरकवते आणि तोंड फिरवते. तो मुकाट्यानं जेवतो. ताराचा हात केसांतून फिरतो तेव्हा उषाबाईला वाटतं, हा हात आपला नाही, हा त्याचा आहे, आपण चोरला आहे. तिनं दोनदा ताराला खरं सांगून पाहिलं. तारा म्हणाली, "जाऊ द्या ना बाई. तुमी सती शेतस."

एक गोष्ट उषाबाईला कुरतडत राहिली. धुडकू ताराची तगमग थांबवायला खोटं बोलला, की तिला वाचवायला? आणि तिला वाचवायला बोलला असेल, तर कशापासून? आवाज आला होता आणि तिनं चुकवला, असं त्याला वाटतं का? ज्या कानांवर त्यानं एवढी वर्षं जीव टाकला, त्यांनीच त्याच्या भावाला मारलं, असं मनात धरून तो तिला झाकतो आहे का? खोटं बोलून त्यानं तिला सोडवलं होतं, पण आतून तो तिला दोषी समजत असेल तर ती कुठेच सुटलेली नव्हती.

एका संध्याकाळी ती डबा घेऊन गोदीत गेली. धुडकू शेडखाली बसला होता. मांडीवर जुना दोर, त्यांचाच, टोळीचा. हळदीकुंकवाचा डाग अजून एका पेडावर होता. त्याची बोटं पीळ उलगडत होती, तंतू मोकळे करून बाजूला ठेवत होती. तिनं डबा खाली ठेवला, त्याच्यासमोर बसली आणि त्याचे दोन्ही हात धरून थांबवले. त्यानं वर पाहिलं.

"आयका," ती म्हणाली. ओठ नीट हलवत, एकेक शब्द. "त्या दिस आवाज नव्हता. तार बोलनी नही. मी आयकी ऱ्हायंतू. तुमनी आन. आवाज नव्हताच."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. शेडमध्ये उजेड कमी झाला होता, पण इतकाही कमी नव्हता. त्याला कळलं असेल. निदान कळावं एवढा वेळ तो बघत राहिला.

"तुमले पटस ना?" तिनं विचारलं. "सांगा ना. पटस ना?"

धुडकूनं मान हलवली, जशी तो सगळ्यांसमोर, सगळ्यालाच हलवायचा. मग त्यानं हात सोडवून घेतले आणि दोर पुन्हा मांडीवर ओढला.